सापळा नेमका कुणासाठी?

रात्रीचा दीड वाजलाय. रूममेट कधीच घोरायला लागलाय. लॅपटॉपचा पंखा मिक्सरसारखा घुरघुरतोय. शेवटची लाट सुरू आहे आणि मनातल्या मनात तुम्ही जिंकलेलेच आहात. बोळाच्या तोंडाशी डांबर पसरलंय, दोन्ही भिंतींवर बाण सोडणारे सापळे, पुढे पाय पडताच शत्रूला उचलून लाव्हात फेकणारी फरशी. सगळं सेट! एक धिप्पाड हिरवा ऑर्क त्या फरशीवर पाय ठेवतो आणि हवेत उडतो. तुम्ही हसता. पण एकदा उडालेली फरशी पुन्हा सज्ज व्हायला काही सेकंद लागतात. नेमक्या त्याच काही सेकंदांत मागून तुरुतुरु पळत येणारी कोबोल्डची टोळी तिच्यावरून निघून जाते. थेट आत. खेळ खल्लास.

आता तुम्ही दोनच गोष्टी करू शकता. एक, माउस आपटून गेमला शिव्या देणं. दोन, खुर्चीत मागे टेकून हळूच म्हणणं, ‘अरे हो, डांबर बोळाच्या तोंडाशी नाही, फरशीला अगदी लागून हवं होतं. पळणाऱ्यांना तिथेच अडकवायला हवं होतं.’

आजचा विषय आहे या दोन वाक्यांमधलं अंतर. कारण गेम चांगला की वाईट, याचं उत्तर ग्राफिक्समध्ये कमी आणि हरल्यानंतर तुमच्या तोंडून यातलं कोणतं वाक्य निघतं त्यात जास्त आहे, असं आम्हाला वाटतं.

आकाशातून नाही, बोळातून

‘टॉवर डिफेन्स’ हा प्रकार तुम्हाला नवा नाही. नाव माहीत नसलं तरी ‘प्लँट्स व्हर्सेस झॉम्बीज’ तुम्ही शाळेत असताना कुणाच्या तरी कॉम्प्युटरवर खेळलेले आहात. शत्रू ठरलेल्या वाटेने रांगेत येतात, तुम्ही वाटेवर काहीतरी मांडून ठेवता, ते आत पोहोचले की तुम्ही हरता. बस्स, एवढंच. या कल्पनेची मुळं १९९० च्या ‘रॅम्पार्ट’ या अटारीच्या आर्केड गेमपर्यंत जातात. पुढे २००२ मध्ये आलेल्या ‘वॉरक्राफ्ट ३’ मध्ये खेळाडूंनी स्वतः नकाशे बनवून हा प्रकार घोटून घोटून तयार केला. २००७ मध्ये ‘डेस्कटॉप टॉवर डिफेन्स’ आणि ‘ब्लून्स’ ब्राउझरमध्ये आले आणि जगभरातल्या ऑफिसांमधली कामं मंदावली. २००९ मध्ये ‘प्लँट्स व्हर्सेस झॉम्बीज’ आलं आणि घराघरांत सूर्यफुलं लावली जाऊ लागली.

या सगळ्यांत एक गोष्ट समान होती. तुम्ही वरून बघत होता. देवासारखे. पटावर बोट ठेवायचं, तोफ बसवायची, मजा बघायची.

२०११ च्या ऑक्टोबरमध्ये ‘ऑर्क्स मस्ट डाय!’ आला आणि त्याने खेळाडूला आकाशातून खाली उतरवून थेट बोळात उभं केलं. तो बनवला टेक्सासमधल्या रोबॉट एंटरटेनमेंट या कंपनीने. ‘एज ऑफ एम्पायर्स’ बनवणारा एन्सेम्बल स्टुडिओज २००९ मध्ये बंद झाला, तेव्हा तिथून बाहेर पडलेल्या मंडळींनी ही कंपनी उभी केली. म्हणजे किल्ले आणि फौजा यांचं गणित त्यांच्या हाडात होतंच. गेमची कल्पना साधी: एका किल्ल्याच्या आत ‘रिफ्ट’ नावाचं जादूचं दार आहे, बाहेरून ऑर्कच्या लाटा येतात, त्यांना त्या दारापर्यंत पोहोचू द्यायचं नाही. जमीन, भिंती आणि छत या तिन्ही ठिकाणी सापळे लावता येतात. आणि सापळे लावून झाले की हातात क्रॉसबो घेऊन तुम्हीही तिथेच उभे. कॅमेरा तुमच्या पाठीमागे. कोपऱ्यापलीकडे काय चाललंय ते दिसत नाही. किंकाळ्या मात्र ऐकू येतात.

कथासुद्धा आपल्यासारख्यांना जवळची वाटेल अशी. महान गुरू सुरुवातीलाच पाय घसरून, डोकं आपटून मरतो आणि किल्ला राखायची जबाबदारी येऊन पडते त्याच्या सगळ्यात मठ्ठ शिष्यावर. वर्गात कायम मागच्या बाकावर बसलेल्याला अचानक सीआर केल्यावर कसं होईल, तसं. आणि हा मठ्ठ शिष्य पुढे शहाणा होतो का? फारसा नाही. शहाणे होतो आपण, त्याच्या जागी खेळणारे.

चूक आपली, म्हणून धडाही आपला

या गेमची पहिली ताकद म्हणजे एकटा कुठलाच सापळा भारी नाही. नुसतं डांबर कुणाला मारत नाही, ते फक्त पाय जड करतं. नुसता बाणांचा सापळा जोरात पळणाऱ्याला एखाददुसराच बाण मारू शकतो. पण डांबर आणि बाण एकत्र आले की त्याच भिंतीसमोर शत्रू रेंगाळतो आणि चाळण होऊन पडतो. एकाच शत्रूवर वेगवेगळ्या गोष्टींचा मारा झाला की कॉम्बो बनतो, कॉम्बोचे जास्त पैसे मिळतात आणि त्या पैशांतून पुढचा सापळा येतो. म्हणजे गेम तुम्हाला वस्तू नाही शिकवत, वस्तूंमधलं नातं शिकवतो.

दुसरी ताकद, निवड. लढाईला निघताना सगळं काही सोबत नेता येत नाही. मोजक्याच जागा असतात. स्प्रिंगची फरशी घेतली तर छतावरचा लोंबता गदा सोडावा लागतो. पैसेही तसेच. शेवटचे हजार नाणी सापळ्यात घालायचे की पुढच्या लाटेत दुसरं दार उघडलं तर हाताशी ठेवायचे? महिन्याच्या वीस तारखेला मेसचे पैसे आणि मित्राच्या वाढदिवसाची वर्गणी यांतून निवड करणाऱ्या कुणालाही हा प्रश्न ओळखीचा वाटेल.

तिसरी ताकद सगळ्यात महत्त्वाची. वाट ठरवणं तुमच्या हातात असतं. लाकडी अडसर लावून तुम्ही ऑर्कना लांबच्या बोळातून वळसा घालायला लावू शकता. पूर्ण वाट बंद केली तर ते अडसरच फोडायला लागतात. म्हणून एक फट ठेवायची. त्यांना वाटलं पाहिजे की रस्ता मोकळा आहे. जो बोळ शत्रूने स्वतःहून निवडला असं त्याला वाटतं, तोच तुम्ही त्याच्यासाठी निवडलेला असतो. पहिल्यांदा हे जमतं ना, तेव्हा अंगावर काटा येतो. खरंच.

आणि हरलात, तर का हरलात ते दिसतं. फरशी चुकीच्या जागी होती. दुसऱ्या दाराकडे लक्ष नव्हतं. एकाच सापळ्यावर सगळे पैसे लावले होते. उडणाऱ्या शत्रूंवर जमिनीवरच्या सापळ्यांचा उपयोग शून्य, हे माहीत असून आकाशाकडे बघितलंच नव्हतं. परीक्षेत कमी मार्क पडल्यावर पेपर कधी परत मिळतो, कधी नाही. इथे पेपर दर वेळी परत मिळतो आणि लाल शाईच्या खुणा तुम्ही स्वतःच करता.

देवगिरीची अंधारी

ही बुद्धी टेक्सासमध्ये जन्मली असं समजू नका हं. सहलीला देवगिरी किल्ल्यावर, म्हणजे दौलताबादला गेला असाल, तर आठवा. कातळ तासून केलेला खोल खंदक, तो ओलांडायला एकच अरुंद वाट, आणि तिच्यापुढे ती प्रसिद्ध अंधारी. काळोखातला, वळणावळणाचा, वर चढत जाणारा भुयारी मार्ग. आत शिरलेल्याला पुढचं पाऊल कुठे पडतंय ते कळत नाही, आणि वरच्या तोंडाशी आग पेटवून धूर आत कोंडण्याची सोय. गाइडने टॉर्च बंद केल्यावर सगळी पोरं ओरडली होती, ते याच ठिकाणी.

ही अंधारी म्हणजे सापळ्यांच्या गेमचं अख्खं तत्त्वज्ञान आहे. शत्रूशी मोकळ्या मैदानात भिडायचं नाही. त्याला तुमच्या वाटेवर आणायचं, त्याचा वेग काढून घ्यायचा, त्याचे डोळे काढून घ्यायचे, मग बाकीचं काम जागाच करते. रायगडाचा महादरवाजाही त्याच विचाराचा. बुरुजांच्या कुशीत असा लपवलेला, की समोरून येणाऱ्याला दरवाजा नेमका कुठे आहे तेच पटकन दिसू नये. दिवाळीत मातीचा किल्ला करताना वाट सरळ न नेता वळवायची असते, हे आपल्याला कुणी शिकवलं नव्हतं, तरी आपण वळवत होतोच ना?

आणि देवगिरीचीच दुसरी गोष्ट या गेमची दुसरी बाजू सांगते. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजीने देवगिरीवर स्वारी केली, रामदेवराय यादव किल्ल्यात अडकून पडला. घाईघाईत धान्य म्हणून वर चढवलेल्या पोत्यांमध्ये मीठ निघालं, असं सांगितलं जातं. कातळ कितीही अभेद्य असला तरी पोतं रिकामं असेल तर किल्ला जातो. गेममध्येसुद्धा शेवटच्या लाटेला सापळे कमी पडतात तेव्हा खरं कारण बहुतेक वेळा तिसऱ्या लाटेला उधळलेल्या नाण्यांत असतं.

वैताग: एक कामाचा, एक फुकटचा

इथपर्यंत वाचून वाटेल की आम्ही या गेमची आरती ओवाळतोय. तसं नाही. हा प्रकार वैतागही भरपूर देतो. पण वैताग दोन जातीचे असतात आणि ते वेगळे करता यायला हवेत.

कामाचा वैताग म्हणजे काय? एकाच वेळी दोन दारं उघडतात आणि तुम्ही एकाच ठिकाणी असू शकता, हा. नॉल नावाचे शिकारी रिफ्टकडे ढुंकूनही न बघता थेट तुमच्याच अंगावर धावून येतात, हा. तुमचा आवडता, घासून गुळगुळीत केलेला डाव एका चिलखती ओगरपुढे पाचोळ्यासारखा उडून जातो, हा. हे सगळं चीड आणतं, पण त्या चिडीला पुढे जायला रस्ता असतो. विचार करा, बदला, पुन्हा या.

फुकटच्या वैतागाची पहिली जागा म्हणजे पुनरावृत्ती. पहिल्या भागांमध्ये शेवटच्या लाटेला हरलात की अख्खी लढाई पहिल्या लाटेपासून. ज्या सोप्या लाटांचं उत्तर तुम्हाला आधीच पाठ आहे, त्या पुन्हा वीस मिनिटं सोडवायच्या, का, तर शेवटच्या एका प्रश्नाचं उत्तर तपासून बघायला. ‘चुकलेलं एक गणित पुन्हा सोडव’ म्हणणारा शिक्षक आणि ‘अख्खी वही पुन्हा लिही’ म्हणणारा शिक्षक, यांतला फरक तुम्हाला सांगायला नको.

दुसरी जागा, एकदा सापडलेलं उत्तर. डांबर, बाण, अडसर हे त्रिकूट जमलं की ते बऱ्याच नकाशांवर चालून जातं. वीस सापळे हाताशी आहेत आणि तुम्ही तेच चार वापरताय. गेम तुम्हाला प्रयोग करायला सांगतो, पण प्रयोग न करणाऱ्याला शिक्षाही करत नाही. इथे दोष निम्मा गेमचा आणि निम्मा आपला. कॉलेजात पाचही वर्षं एकाच टपरीवर तोच वडापाव खाणाऱ्यांना हे मनाला लागेल.

तिसरी जागा सगळ्यात धोक्याची: कवट्यांचा हिशेब. लढाई जिंकली की कवट्या मिळतात आणि त्यांतून सापळे कायमचे ताकदवान करता येतात. ही कल्पना मुळात वाईट नाही. २०१२ मध्ये आलेल्या दुसऱ्या भागात तर खर्च केलेल्या कवट्या हव्या तेव्हा परत घेऊन दुसऱ्या सापळ्यात घालता यायच्या. म्हणजे चुकीची निवड केली तरी शिक्षा नाही, प्रयोगाला मोकळं रान. हे आम्हाला फार आवडतं. पण ताकद वाढवायची सोय आली की तिच्या मागोमाग एक शंका येतेच. मी हरलो ते माझा डाव चुकला म्हणून, की माझा सापळा अजून तेवढा वाढलेला नाही म्हणून? पहिल्या कारणाला डोकं लागतं. दुसऱ्याला फक्त तास लागतात.

२०२५ च्या जानेवारीत आलेला ‘ऑर्क्स मस्ट डाय! डेथट्रॅप’ याच तिठ्यावर उभा आहे. यात चार जणांना एकत्र खेळता येतं, आणि आमच्यासारख्या सुट्टीत चार गावांना पांगलेल्या होस्टेलच्या टोळक्यांसाठी ही बातमी सोन्यासारखी आहे. दोघांच्या खेळात एकमेकांवर ओरडायला दोनच तोंडं होती, आता चार! पण याची रचना जुन्यासारखी नाही. ठरलेल्या क्रमाने किल्ले जिंकत जायचं नाही. समोर आलेल्या मोहिमांतून एक निवडायची, ती जिंकली तर पुढची, आणि प्रत्येक पायरीवर काही फायदे, काही अडचणी बदलत जाणार. हरलात की मालिका तुटली, पण कमावलेल्या कवट्या घेऊन तळावर या, कायमची ताकद वाढवा, पुन्हा निघा.

याची मजा आहे. प्रत्येक संध्याकाळ वेगळी होते, पाठ केलेलं उत्तर चालत नाही, म्हणजे वर सांगितलेला दुसरा वैताग बराचसा मिटतो. पण तिसरा वाढतो. सुरुवातीच्या हरण्यात तुमची चूक किती आणि अजून न घेतलेल्या ताकदीचा भाग किती, हे वेगळं काढता येत नाही. आणि ज्या बोळात हरलो त्याच बोळात लगेच परत जाऊन ‘आता बघतोच’ म्हणण्याचं सुख कमी होतं. पेपर परत मिळतो, पण पुढच्या वेळी प्रश्नच दुसरे.

किल्लाच उचलून नेला तर?

आता ज्यावर आम्हाला खरं बोलायचंय त्याकडे येऊ. सापळे लावणाऱ्यालाच सापळ्यात पकडण्याची एक रीत गेमच्या धंद्यात आता रुळली आहे. आणि हीच मालिका तिचं चांगलं उदाहरण आहे.

पहिले दोन भाग विकत घ्यायचे आणि आपले आपण खेळायचे, असे होते. मग आला ‘अनचेन्ड’. फुकट खेळा, पण सर्व्हरवर. आधी पाच विरुद्ध पाच अशी माणसामाणसांतली लढाई, कारण त्या काळात सगळ्यांनाच तसा गेम हवा होता. ते जमलं नाही म्हणून तो मूळ प्रकारच काढून टाकला आणि पुन्हा ऑर्कच्या लाटांकडे मोर्चा वळवला. पात्रं मिळवा, सापळ्यांची पातळी वाढवा, उद्या पुन्हा या. एप्रिल २०१९ मध्ये सर्व्हर बंद झाले. आणि सर्व्हर बंद म्हणजे गेम बंद. कुणी शंभर तास घातले असतील, कुणी पैसे. आज तो किल्ला कुठेच नाही. सीडी शोधून लावावी म्हटलं तर तशी काही वस्तूच नाही.

तिसऱ्या भागाची गोष्ट वेगळी, पण त्याच गावातली. तो २०२० च्या जुलैमध्ये आला फक्त गुगलच्या ‘स्टेडिया’वर. स्टेडिया म्हणजे गेम गुगलच्या कॉम्प्युटरवर चालणार आणि तुम्ही इंटरनेटवरून खेळणार. भारतात स्टेडिया कधी सुरूच झालं नाही. म्हणजे आपण वर्षभर बाहेर उभे राहून फक्त खिडकीतून बघायचं. २०२१ च्या जुलैमध्ये तो पीसी आणि इतर कन्सोलवर आला, म्हणून बरं. कारण १८ जानेवारी २०२३ ला खुद्द स्टेडियाच बंद पडलं. गुगलने घेतलेले पैसे परत केले, हे मान्य करायला हवं. पण हा गेम त्या एकाच दारात अडकून राहिला असता तर? ज्याला वाट बदलायची दुसरी फट नाही, त्याचं काय होतं, हे ऑर्कना विचारा.

२०११ चा पहिला भाग मात्र आजही चालतो. साध्यासुध्या लॅपटॉपवरही चालतो. नेट गेलं तरी चालतो. आमच्या मते या मालिकेचा सगळ्यात मोठा धडा यातच आहे. ज्यात तुमचं डोकं लागत होतं, तो भाग टिकला. ज्यात तुमची रोजची हजेरी लागत होती, तो नाहीसा झाला.

हा प्रश्न एका मालिकेपुरता नाही. सर्व्हर बंद करून विकलेले गेम निरुपयोगी करू नका, अशी मागणी करणाऱ्या युरोपातल्या ‘स्टॉप किलिंग गेम्स’ या मोहिमेला २०२५ मध्ये दहा लाखांहून जास्त सह्या मिळाल्या. तिकडच्या पोरांनी सह्या केल्या, आणि आपण अजून ‘चार दिवसांचा खेळ, गेला तर गेला’ म्हणून मोकळे होतो. पण तो चार दिवसांचा नसतो. आपल्या वयातले तास असतात ते. मास कॉमच्या वर्गात आम्हाला शिकवतात की जे फुकट मिळतं तिथे विकला जाणारा माल म्हणजे आपलं लक्ष. हे वाक्य परीक्षेत पाच मार्कांसाठी लिहून आलो. त्याचा अर्थ कळला तो रोज रात्री बारा वाजता ‘आजचं बक्षीस’ घ्यायला अलार्म लावणारा मित्र बघून. तो त्या गेममध्ये काही शिकत नव्हता, जिंकतही नव्हता. फक्त हजेरी लावत होता. लेक्चरला मात्र त्याची प्रॉक्सी लागायची.

एकच प्रश्न

घरचे म्हणतात, गेम वाईट. आपण म्हणतो, तुम्हाला कळत नाही. दोघंही अर्धवट बोलतो. ‘गेम’ नावाची एकच एक वस्तू नसते. एका गेममध्ये तुम्ही सापळा रचत असता, दुसऱ्यात तुम्हीच डांबरात उभे असता, आणि कधी कधी एकाच गेमच्या दोन भागांमध्ये हा फरक असतो.

तो ओळखायला आमच्याकडे एक सोपी कसोटी आहे. पुढच्या वेळी हराल तेव्हा ‘पुन्हा खेळा’चं बटण दाबण्याआधी स्वतःला विचारा: मी का हरलो? उत्तर ‘अडसर उजवीकडे हवा होता’, ‘पैसे लवकर उडवले’, ‘मागचं दार विसरलो’ असं आलं, तर बिनधास्त बटण दाबा. तो वैताग कामाचा आहे. त्यातून काहीतरी घेऊन तुम्ही उठाल. उत्तर ‘माझी लेव्हल कमी आहे’, ‘अजून आठवडाभर खेळलं की जमेल’, ‘ते पॅक घेतलं असतं तर’ असं आलं, तर लॅपटॉप मिटा. तिथे तुम्हाला शिकण्यासारखं काही उरलेलं नाही, फक्त भरण्यासारखं उरलंय.

आणि ‘माहीत नाही’ असं उत्तर आलं तर? तर रात्रीचा दीड वाजलाय. झोपा. ती फरशी नेमकी कुठे हवी होती, ते उद्या सकाळी दात घासताना आपोआप सुचेल. आम्हाला तरी तेव्हाच सुचलं.